एक पट्टी इकडे, एक तिकडे

९ जानेवारी

ताई,

घरी सगळे बरे आहेत, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर तू ओळीओळीत कोणाचं तरी आजारपण शोधत बसशील.

बातमी एवढीच की मी खोक्यातली प्लास्टिकची विमानं जोडायचं सोडलं. शेवटचं विमान लढाऊ होतं, तळहातावर मावेल एवढं. त्याच्या शेपटीवर तांदळाच्या दाण्याएवढा आकडा चिकटवायचा होता. असे आकडे कागदावर छापून येतात. ते पाण्यात भिजवायचे आणि चिमट्यानं अलगद सरकवायचे. मी तीनदा सरकवला, नीट बसला असं वाटलं, आणि सकाळी उजेडात पाहिलं तर आकडा डोक्यावर उभा. दिवसभर लोकांच्या चष्म्याच्या काचा घासतो, आणि स्वतःला सहा आणि नऊ यांतला फरक दिसत नाही! तुझी वहिनी म्हणाली, "आता तुम्हालाच दुकानाच्या दारात उभं करायला हवं. बघून चार माणसं घाबरून आत येतील."

पण कारण नुसतं डोळ्यांचं नाही. माझी अठ्ठावीस विमानं झाली. बैठकीच्या खोलीत छताला टांगलेली आहेत, पाहुणे मान वाकवून बसतात. परवा त्यांच्यावरची धूळ झटकताना मनात आलं, यांत माझं काय आहे? खोक्यात कोणीतरी सगळं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. तुकड्यावर आकडा, कागदावर आकडा, सतरा नंबर अठराला जोडा. मी फक्त आज्ञाधारक. गावच्या शाळेत गुरुजी फळ्यावर लिहायचे आणि आपण पाटीवर उतरवायचो, तसं आयुष्यभर उतरवतो आहे.

म्हणून आता जहाज करायचं ठरवलंय. लाकडाचं, खोक्याशिवाय. आणि तेही कुठलं तरी नाही. दाजींच्या हातची शेवटची पुरी झालेली नाव, जी पाण्यात सोडताना आपण सगळे गेलो होतो, ती. दाजींनी तिचा नकाशा कधी काढला नाही, सगळं त्यांच्या डोळ्यांत. तेव्हा त्यांना विचार: लांबी किती, रुंदी किती, फासळ्या किती आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, किती उचललेलं होतं. चारच प्रश्न आहेत.

फोन करणार होतो. पण फोनवर दाजी बोलत नाहीत आणि तू "ठीक आहे" याच्या पुढे जात नाहीस. पत्र उशाशी बसून वाचून दाखव.

तुझा,
धाकटा


२० जानेवारी

धाकट्या,

वाचून दाखवलं. उशाशी बसून, तू सांगितलंस तसं. पहिल्या प्रश्नाला त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्याला भिंतीकडे तोंड केलं. पुढचे दोन मी वाचलेच नाहीत.

अरे, पाय गेलेल्या माणसाला कोणी रस्ता विचारतं का? ज्या हातानं लाकूड तासायची वाकस चालवली तो हात पोटावर ठेवलेल्या उशीसारखा पडून असतो. अर्धांगाचा झटका आल्यापासून आठ महिन्यांत तोंडातून एक शब्द नाही. डॉक्टर म्हणतात आवाज गेलेला नाही, समज तर शाबूत आहे, पण सुरुवात त्यांनी करायला हवी. व्यायाम शिकवणारी बाई आठवड्यातून दोनदा येते. ती आली की हे झोपेचं सोंग घेतात. सोंगही धड नाही, पापण्या हलत असतात. ती बिचारी निर्जीव हात वरखाली करते आणि निघून जाते.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की पहिल्या वर्षात जे यायचं ते लवकर येतं, पुढे चढ वाढत जातो. मेच्या अखेरीस वर्ष होईल. म्हणजे चार महिने उरले. त्यांच्या वतीनं मला व्यायाम करता आला असता तर आत्तापर्यंत मी पैलवान झाले असते.

तेव्हा तू विमानंच कर. विमानांबद्दल काय हवं ते विचार, त्यातलं त्यांना काही कळत नाही, म्हणजे दुखणारही नाही. पण नावेचं नाव या घरात काढू नकोस. एवढं माझं ऐक.

वहिनीला सांग, गुडघ्याला शेक देत जा.

ताई


२८ फेब्रुवारी

ताई,

चुकलं माझं. विचारणार नाही. तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मला कामात काचा धड घासता आल्या नाहीत. प्रार्थनेला बसलो तरी तुझे पैलवानाचे शब्द मध्ये यायचे, हसूही यायचं आणि मग वाईट वाटायचं.

पण लाकूड आणून ठेवलं होतं. ते कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होतं. म्हणून कोणालाही न विचारता सुरू केलं. हे पत्र त्यांना वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

मापं मला मिळाली. नाव पाण्यात सोडल्या दिवसाचा फोटो माझ्याकडे आहे ना, त्यात दाजी नावेला टेकून उभे आहेत. दाजींची उंची पाच फूट सात इंच. फोटोतल्या दाजींएवढी कागदाची पट्टी कापली आणि नावेवरून फिरवली. सात दाजी आणि वर थोडं, म्हणजे नाव चाळीस फूट. माझी एक फुटाची होते आहे. सबंध नाव मी दाजींनीच मोजली, त्यांना न विचारता.

मधोमध कणा, त्यावर अकरा फासळ्या. त्या पातळ प्लायवूडमधून करवतीनं कापल्या. सगळ्या उभ्या राहिल्या तेव्हा मी हात जोडले, खोटं सांगत नाही. देवानं माणसाची छाती केली तेव्हा त्यालाही असंच थोडं मागे सरून बघावंसं वाटलं असेल.

मग पट्ट्या. बोटाच्या अर्ध्या रुंदीच्या. त्या गरम पाण्यात भिजवून, वाकवून, फासळ्यांवर एकाखाली एक बसवत जायच्या. तुझ्या वहिनीची लांबट कढई त्यासाठी ताब्यात घेतली आहे. ती म्हणते, "छताला विमानतळ आणि चुलीवर बंदर. मला आता एक रेल्वे तेवढी आणा, म्हणजे मी निघून जाते." प्लास्टिकला भिजवा, वाळवा, ते जसं जन्मलं तसंच राहतं. लाकूड मात्र ऐकतं. पहिल्यांदा पट्टी माझ्या अंगठ्याखाली वळली तेव्हा वाटलं, कोणीतरी मान डोलावली.

फोटो पाठवतो आहे. डावी बाजू वरपासून खालपर्यंत पूर्ण झाली, एकही फट नाही. विमानाचा एक पंख पुरा झाल्याशिवाय मी दुसऱ्याला हात लावत नसे, तीच शिस्त इथेही ठेवली. उजवी बाजू पुढच्या रविवारपासून.

धाकटा


६ मार्च

धाकट्या,

हे पत्र वाकडंतिकडं येईल. गुडघ्यावर ठेवून घाईनं लिहितेय.

पत्र मी वाचून दाखवणारच नव्हते. पण पाकीट उघडताना फोटो खाली पडला, तो उचलून पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि दार वाजलं म्हणून बाहेर गेले. परत आले तर हे कुशीवर वळलेले. स्वतःहून, भिंतीकडून खोलीकडे! डोळे त्या फोटोवर. चेहरा लाल. मला वाटलं दुसरा झटका आला. मी ओरडले, शेजारीण धावत आली, तिनं पंखा वाढवला, मी डॉक्टरांना फोन लावते आहे, आणि हे डाव्या हातानं फोटोवर थापा मारताहेत. तांब्या आडवा, पाणी सगळीकडे. आणि मग तोंडातून घर्र घर्र करून, स्पष्ट, शेजारणीनंही ऐकलं:

"गाढव."

नऊ महिन्यांनी पहिला शब्द, धाकट्या. तुझ्यासाठी.

मी खाली बसले आणि रडले. शेजारीण विचारते, "अहो, पण तुम्हाला म्हणाले का?" मी म्हटलं, "नाही हो, माझ्या भावाला." "मग ठीक आहे," म्हणाली.

डॉक्टर येऊन तपासून गेले, झटका वगैरे काही नाही. म्हणाले, "फार चांगलं झालं, कोण गाढव?" त्यानंतर यांनी तो शब्द आणखी सहा वेळा म्हटला. दुसरा कुठलाच येत नाही, पण हा छान येतो.

काय चुकलंय ते मात्र मला कळत नाही. मला तर फोटोतली नाव सुंदर दिसते. यांनी मला खूण केली, अंगावरची चादर डाव्या हातात धरली आणि आपल्याकडे ओढली, ओढत राहिले, शेवटी सगळी चादर एका बाजूला गोळा झाली आणि पलंगाची दुसरी कड उघडी पडली. मग माझ्याकडे असं पाहिलं, की कळलं ना? मी मान हलवली, पण खरं तर मला वाटलं उकडतंय.

तुला काही उमगतंय का? आणि एक खरं सांग. हे तू मुद्दाम केलंस ना?

ताई


१४ मार्च

ताई,

तुझं पत्र दुकानात वाचलं. मालकांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, मेव्हण्यांनी मला गाढव म्हटलं. ते म्हणाले, "मग रडतोयस कशाला?"

चादरीचं वाचलं आणि दुकानातून तडक निघालो. घरी येऊन नाव पाट्यावर ठेवली, सपाट पाट्यावर, आणि कण्याच्या कडेला दोरा ताणून धरला. नाळ डावीकडे वळली आहे. नऊ मिलिमीटर. खऱ्या नावेत ते फूटभराच्या वर भरेल. अशी नाव बंदरातून निघाली तर फेरी मारून त्याच बंदरात परत येईल.

आता कळलं. भिजलेली पट्टी वाळताना आखडते आणि ओढते. एका बाजूला चौदा पट्ट्या ओढताहेत, दुसऱ्या बाजूला ओढणारं कोणी नाही. कणा बिचारा एकटा काय करणार? विमानात हे कधी झालं नाही, कारण प्लास्टिक काही ओढत नाही. एक पंख आज करा, दुसरा सहा महिन्यांनी. मी वीस वर्षांची ती सवय घेऊन लाकडाकडे गेलो, आणि वर तिला शिस्त म्हणालो.

मुद्दाम केलं का, विचारतेस. हो म्हटलं तर मी शहाणा ठरेन. पण तुझ्याशी खोटं बोलून वर देवापुढे कसा बसू? चूक शंभर टक्के माझी, मनापासून केलेली. एवढं मात्र कबूल करतो, की जहाज करायचं मनात आलं ते डोळ्यांमुळे नाही. धूळ झटकताना आलं हे खरं, पण तेव्हा मी दाजींचाच विचार करत होतो. बोलायला काही विषय द्यावा, एवढंच मनात होतं. तो असा मिळेल असं वाटलं नव्हतं.

आता पुढचं. नाव वाचवता येईल का? सगळ्या पट्ट्या उखडू की काही ठेवू? हा प्रश्न दाजींना आहे. उत्तर तू देऊ नकोस, अंदाजानं तर नकोच. दाजींकडून येईपर्यंत मी नावेला हात लावणार नाही. माझी नाव वाकडी उभी आहे, असं त्यांना सांग.

धाकटा


१२ एप्रिल

धाकट्या,

महिनाभर पत्र नाही म्हणून तू दोनदा फोन केलास आणि मी दोन्ही वेळा "ठीक आहे" म्हणाले. ठीक नव्हतं.

तुझं पत्र आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी हे पडले. मी बाजारात गेले होते. हे एकटे उठले, पलंग धरून, खुर्ची धरून, मागच्या खोलीत हत्यारांची पेटी आहे तिथपर्यंत जायला निघाले आणि उंबऱ्यात कोसळले. मी आले तेव्हा जमिनीवर होते, किती वेळ ते देव जाणे. कपाळाला पाच टाके, खांदा सुजलेला. त्या दिवशी मी तुला चार पानं लिहिली. तुझी नाव, तुझी विमानं, कोणाचंच काही ठेवलं नाही. मग फाडली. कारण टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "कुठे निघाला होतात?" आणि हे म्हणाले, "काम."

दुसरा शब्द. तो ऐकल्यावर मी कोणावर रागवायचं?

त्यानंतर दहा दिवस पुन्हा भिंत. मला वाटलं संपलं. एक दिवस व्यायामवाली बाई आली, यांनी डोळे मिटले, तर ती हात न हलवता खुर्चीत बसली आणि म्हणाली, "काका, तुमच्या मेव्हण्यांची नाव अजून वाकडीच आहे म्हणे. राहू द्या तशीच. तसंही लोकांना काय कळतंय!" बाई हुशार आहे. यांचे डोळे उघडले ते असे की मीच मागे सरकले.

तिनं पेन्सिल दिली. डाव्या हातात. कागद सरकायचा, अक्षर पळायचं, पेन्सिल तीनदा भिंतीवर आपटली. कागद धरायला मी पुढे झाले तर ती म्हणाली, "तुम्ही नाही. त्यांचा उजवा हात रिकामाच आहे." तिनं उजवा हात उचलून कागदावर ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो स्वतः डाव्या हातानं उचलून ठेवला. गेल्या बुधवारी तो, धाकट्या, कोणी न उचलता पलंगावरून कागदापर्यंत आला. घासत, गोगलगायीसारखा. पण आला.

चिठ्ठीला अकरा दिवस लागले. सोबत ठेवली आहे. मी एक अक्षर सुधारलेलं नाही.

ताई

(सोबतची चिठ्ठी)

सगळ्या नको. खालच्या पाच काढ. कणा फळीला बांध. ताठ. वरच्यांना ओला फडका. दोन दिवस. मग उजवी. मग एक पट्टी इकडे एक तिकडे. घाई केली तर तिथे येऊन मारीन.


४ मे

दाजी,

नमस्कार. मारायला या. तुम्ही चालत आलात तर मी दारात गाल पुढे करून उभा राहीन.

चिठ्ठी मिळाली त्याच दिवशी कामाला लागलो. खालच्या पाच पट्ट्या काढताना तीन तुटल्या, दोन वाचल्या. कणा जाड फळीला तारेनं बांधला. वरच्या नऊ पट्ट्यांवर ओला फडका ठेवला, दोन दिवस सकाळ-संध्याकाळ भिजवत राहिलो. मग उजवी बाजू. डावीच्या बरोबरीला येईपर्यंत नऊ पट्ट्या, रोज दोनच, आणि प्रत्येकीनंतर दोरा धरून पाहिलं. त्यानंतर तुम्ही म्हणालात तसं. एक इकडे बसवली, वाळू दिली, एक तिकडे. मी कधी एवढं हळू काम केलेलं नाही. विमान तीन रविवारांत व्हायचं. इथे एका पट्टीनंतर बसून राहायचं. बसल्या बसल्या देवाचं नाव घेत होतो, त्यामुळे वेळ वाया गेला असं म्हणवत नाही.

परवा नाव फळीवरून सोडवली. दोरा धरायला आमच्या हिला बसवलं. नऊ मिलिमीटरांचे दोन झाले. ती म्हणाली, "दोन म्हणजे काही नाही, माझा भांग याहून वाकडा असतो." पण मी तुमच्यापासून लपवणार नाही. ते दोन जात नाहीत. पुन्हा ओलं केलं, पुन्हा बांधलं. जात नाहीत.

फोटो पाठवतो. समोरून, वरून आणि दोऱ्यासकट. आता रंधा-पॉलिश करून डोलकाठी उभी करू का? तुमची नाव म्हणून बैठकीच्या खोलीत ठेवायची आहे. चार विमानं खाली उतरवून जागा केली आहे.

तुमचा,
मेव्हणा


२१ मे

धाकट्या,

फोटो तीन दिवस त्यांच्या छातीवर होते. मी विचारलं, "कशी झाली?" म्हणाले, "बरी." मला आनंद झाला. मग म्हणाले, "त्याच्या मानानं."

पुढच्या आठवड्यात वर्ष पुरं होतंय. मी डॉक्टरांना भीत भीत विचारलं, आता दार बंद का? ते म्हणाले, "मी चढ म्हणालो होतो, दार म्हणालो नव्हतो. चढणारा चालतोय ना, मग मोजणं सोडा." तर मी मोजणं सोडलंय. म्हणजे सोडायचा प्रयत्न करते आहे.

व्यायामवाली बाई आता आठवड्यातून तीनदा येते. हे तिची वाट बघतात, पण ती आली की कपाळाला आठी घालतात, शिस्त म्हणून. मागच्या खोलीतली पेटी पलंगापाशी आणून ठेवायला लावली आहे. घरभर भुसा आहे.  एक दिवस केर न काढता तशीच बसले होते त्या भुशात.

पुढचं पान त्यांचं. सबंध त्यांचं. आठ दिवस लागले.

ताई


मेव्हणेबुवा,

फोटो पाहिले. दोन मिलिमीटर म्हणजे खऱ्या नावेत तीन इंच. ती माझी नाव नाही. तीन इंचांची नाव मी पाण्यात सोडली नसती. तिला तुझं नाव दे. पहिली म्हणून चांगली आहे. माझी पहिली बुडाली होती, हे तुझ्या ताईला माहीत नाही.

फासळ्याही चुकल्या आहेत. अकरा नाही, तेरा. फोटोत मी टेकून उभा होतो, टेकलेला माणूस आखूड भरतो. नाव अडतीस फुटांची. नाळ तू दाखवलीस त्याहून वर. मनात आहे ती, कागदावर येत नाही. समोर लाकूड असलं तर दाखवीन.

तू विमानं सोडलीस हे बरं केलंस. पण खाली उतरवलेली चार टाकू नकोस, कोणाला तरी दे.

मी नवा कणा कापला आहे. करवत डाव्या हातात, उजवा हात लाकडावर. उजवा दाबत नाही, नुसता पडून राहतो. पण वजनाला वजन म्हणून चालतो. कापायला नऊ दिवस लागले. सरळ आहे. दोरा धरून पाहा.

फासळ्या घासायला घेतल्या आहेत. सहापर्यंत माझं मी करीन. सातवी मधली, सगळ्यांत रुंद. तिला समोरून धरायला माणूस लागतो. ये.